नंदीचे खूर

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. मन्याडच्या बाबतीत शोधायला हरकत नाही, लपवण्यासारखं तिच्याजवळ काही नाही. बालाघाटाच्या डोंगरातून ती येते, लातूरची हद्द ओलांडून नांदेडात शिरते, पुढं मांजरेला मिळते आणि मांजरा गंगेला. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. आठ महिने मन्याडच्या पात्रातून शेळीसुद्धा खूर न भिजवता पलीकडं जाते. उरलेल्या चार महिन्यांत मात्र तिचा भरवसा कुणी धरत नाही. इथं पाथरघाटला लख्ख ऊन पडलेलं असतं, दोरीवर कपडे वाळत असतात, आणि वर अहमदपूरकडं जोराचा पाऊस झाला की ही गढूळ होऊन, फेस घेऊन येते.

पाथरघाट अलीकडच्या काठावर. पलीकडून मुखेडला जाणारा रस्ता, म्हणजे बाजार, दवाखाना, मोठी शाळा आणि एसटी सगळं पलीकडं. मध्ये नळकांड्यांचा बुटका पूल. त्याला कठडे होते, ते एका पुरात गेले. कडेला चुना लावलेले दगड होते, ते दुसऱ्या पुरात गेले. पावसाळ्यात सात-आठ वेळा तरी पुलावरून पाणी जातं, आणि दर वेळी हात बांधून बसायचं म्हटलं तर माणसांची कामं व्हायची नाहीत. घोटाभर पाण्यातून जीप जाते. गुडघाभर पाण्यातून घालू नये. मांडीभर असलं तर नावच काढू नये. पण गढूळ पाणी घोटाभर आहे की मांडीभर, हे काठावरून बघून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. ते पंचफुलाबाई सांगायची.

पंचफुलाबाई भोयाच्या घरात सून होऊन आली तेव्हा सोळा वर्षांची होती. पूल तेव्हा नव्हता. तिचा नवरा सटवाजी लोकांना काहिलीतून पलीकडं न्यायचा. गूळ शिजवायची मोठी लोखंडी काहील, तिला दोरखंड बांधलेला, आत चार माणसं उकिडवी बसलेली आणि सटवाजी कासोटा मारून पाण्यात. बाळंतिणी नेल्या, नवरदेव नेले, एकदा तर निवडणुकीच्या पेट्या नेल्या. पूल झाला आणि काहील शेळ्यांच्या गोठ्यावर उपडी पडली. सटवाजी मग रोजंदारीला जायचा, पण पावसाळ्यात त्याचे पाय आपोआप घाटाकडं वळायचे. पूल बांधणाऱ्यांना पूल बांधता आला, नदी वाचता आली नाही, असं तो म्हणायचा, आणि ते खरंच होतं.

नदी वाचायची त्याची खूण साधी होती. पुलाच्या वरच्या अंगाला, दोनशे पावलांवर, वळणाआड महादेवाचं देऊळ आहे. देवळासमोर, अगदी पात्राच्या कडेला, खडकातल्या खोबणीत काळ्या दगडाचा नंदी बसलेला. नंदीच्या खुराला पाणी लागलं की पुलावर घोटाभर. दुमडलेल्या गुडघ्याला लागलं की गुडघाभर. गळ्यातली घुंगरमाळ भिजली की पूल विसरायचा आणि चूल पेटवून घरात बसायचं. आजाने बापाला सांगितलं, बापाने सटवाजीला, आणि सटवाजीने मरायच्या आदल्या वर्षी बायकोला. आजाच्या वेळी पूल नव्हता, पायी ओलांडायचा उतार होता; पूल बांधला तो नेमका उताराच्या उंचीवर, म्हणून खूण तशीच लागू पडली. एवढं पुढं चालवायला त्यांना पोरगा नव्हता, एक पोरगीच होती, सिंधु.

सटवाजी गेल्याला बावीस वर्षं झाली. बावीस पावसाळे पंचफुलाबाईने नंदीकडं बघून गावाला सांगितलं. आधी लोक बांधावरून हाका मारायचे, नंतर मोबाइल आले. तिला वाचता येत नाही, म्हणून सिंधुने एकेकाचा फोटो काढून नंबराला लावून दिला होता. जीपवाला अंगद, दूधवाला, शाळेचे गुरुजी, सगळ्यांची तोंडं तिच्या फोनमध्ये. फोन उचलला की पलीकडून एकच प्रश्न यायचा, "मावशी, नंदी काय म्हनतो?"

आणि मावशी चप्पल न घालता घाटावर जाऊन बघून सांगायची. बावीस वर्षांत एकही चूक नाही. ह्याचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवतही नव्हती. गावात कुणी जरा ताठ्यात बोललं की म्हणायची, "जास्ती बोलू नको, पुलावर माझ्याशीच गाठ हाय."

आता झालं ते असं. दर पुरानंतर नंदीच्या पुढ्यात गाळ साचायचा. पंचफुलाबाई खराट्याने, खोऱ्याने काढायची, तरी दिवाळीपर्यंत तो गळ्याइतक्या चिखलात बसलेला असायचा. तिला ते बघवत नसे. गेल्या हिवाळ्यात देवळाच्या जीर्णोद्धाराची बैठक बसली. पाटीलकी गेली तरी पाटलासारखा बोलणारा रामलिंग अध्यक्ष झाला. कळस, रंग, फरशी, सगळं ठरलं. शेवटी कोपऱ्यातून पंचफुलाबाई उठली.

"आन् नंदी?" ती म्हणाली. "आपून कोरड्यात बसून जेवायचं आन् देवाच्या वाहनाला दरसाल चिखलात बसवायचं, हे काय बरं हाय का? दोन हात ओटा करा त्येला. माझ्या जिवात जीव हाय तवर त्येला कोरडा बसलेला बघू द्या."

सगळ्यांना पटलं. न पटण्यासारखं त्यात काय होतं? उन्हाळ्यात जुन्या जागेच्या मागंच, दगडात दोन हात उंच ओटा बांधला. गावाने श्रमदान केलं, मुरमाची पहिली टोपली पंचफुलाबाईने वाहिली. जेसीबीने नंदी अलगद उचलून वर ठेवला तेव्हा ती पदर तोंडाला लावून रडली. भटजीने प्रतिष्ठा केली, सटवाजीची काहील गोठ्यावरून उतरवून, घासून त्यात पंगतीची डाळ शिजवली. गावातले मास्तर तिथं होते, ओटा बांधणारा मिस्तरी होता, रामलिंगचा इंजिनियर पुतण्या लातूरहून आला होता. शेसव्वाशे माणसं जेवून गेली आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही.

जुलैत एकदा पाणी आलं. अंगदने विचारलं, तिने बघितलं, नंदी ठणठणीत कोरडा होता. संध्याकाळी अंगद जीप लावून तिच्या दारात आला. तीस-पस्तिशीचा, दाढी वाढलेला, हसताना डोळे मिटणारा माणूस.

"मावशी, नंदी कोरडा मन्लाव तुमी, आन् पुलावर पानी चाकाच्या अर्ध्यात की वो."

"पुलावर गाळ आसंल," ती म्हणाली. "नंदी कोरडा तर पूल कोरडा. माझ्यापक्षा तुला जास्ती कळतंय का?"

"न्हाई मावशी," अंगद हसून म्हणाला, "तुमच्यापक्षा कुनाला कळतंय?" आणि चहा पिऊन गेला.

ही एक कपभर चहाची गोष्ट पुढं तिला जन्मभर पुरणार होती.

महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. सकाळपासून पंचफुलाबाईची एकटीची धांदल. सोळा भाज्या, आंबील, पुरण, कढी. ती विधवा, म्हणून महालक्ष्म्यांना हळदकुंकू लावायला आणि सवाष्ण म्हणून पहिल्या पानावर बसायला दरवर्षी सिंधु यायची. सिंधु मुखेडला अंगणवाडीत, नवरा तिथंच दुकानात. तो पोराला घेऊन संध्याकाळी येणार होता. सिंधु सकाळची कामं आटपून अंगदच्या जीपने निघाली होती. बाकी कुणी सणाच्या दिवशी गाव सोडून हिंडत नव्हतं, जीपमध्ये ती एकटीच. बाराच्या सुमाराला ऊन इतकं कडक होतं की पंचफुलाबाईने पापड अंगणात टाकले होते. आणि नदीचा आवाज बदलला.

तिला तो पुरण वाटता वाटता कळला. पाठोपाठ फोन वाजला. फोटो अंगदचा.

"मावशी, पलीकडं हाव. सिंधुताई हायत गाडीत. पुलावर पानी आलंय. नंदी काय म्हनतो?"

"थांब." पुरणाचे हात तसेच, ती घाटावर पळाली. पाणी चढत होतं. ओट्यावर नंदी बसलेला, आणि पाण्याची जीभ नुकती ओट्याच्या कडेवरून खुरांपर्यंत येऊन मागं जात होती.

"खूर भिजलेत नुसते," ती म्हणाली. "चढतीवर हाय पानी. आत्ता घाल गाडी, घोटाभर हाय. जल्दी कर, मग दिवसभर आडकसाल. लक्ष्म्या उपाशी हायत माझ्या."

मागून सिंधुचा आवाज आला, "माय, आंबील केलीस का?"

"केली, केली. ये तू."

फोन ठेवला. फोन कमरेला खोचून ती वळली, तेव्हा तिला आठवलं की सकाळी घासायला आणलेलं पितळी ताट तिने धुण्याच्या दगडावर तसंच ठेवलं होतं. ते वाहून जाईल म्हणून ती बघायला गेली. दगड दिसेना. तिला आधी वाटलं, आपण चुकीच्या जागी बघतोय. मग ती करंजीच्या झाडावरून मोजत आली: झाड, पायरी, दगड. पायरीही नव्हती. तिथं नुसतं पाणी गरगर फिरत होतं. चाळीस वर्षं ती त्या दगडावर धुणं धूत आली होती, आणि नंदीचे खूर भिजायचे तेव्हा तो दगड वीतभर पाण्याच्या वर असायचा. खूर भिजले तरी बायका तिथं उभं राहून पूर बघायच्या.

दगड कुठं जात नाही. मग हललं कोण?

तिने मान वळवून नंदीकडं बघितलं. नव्या ओट्यावर, स्वच्छ बसलेला. दोन हात वर. तिने ते मनात मोजलंही नाही, तिच्या अंगालाच कळलं. घोटा आणि दोन हात म्हणजे कंबर.

"अंगदाऽऽ!" ती ओरडली. फोन काढला. पुरणाच्या बोटांनी काच सरकेना. पदराने पुसला, पुन्हा लावला, वाजत राहिला. वाजत राहिला. ती पळत सुटली. दोनशे पावलं काही फार नाहीत, पण त्या दिवशी ती संपेनात. वळण ओलांडलं तेव्हा पूल दिसला नाही, पाणीच दिसलं, आणि पाण्याच्या मध्यावर पांढऱ्या जीपचं टप. जीप उभी होती. मग तिचं तोंड हळूच खालच्या अंगाला वळलं, फार हळू, जणू अंगद रिव्हर्स घेतोय. आणि ती पुलावरून गेली.

शेतातून गावातला हनुमंत आणि त्याचा भाऊ धावत आले, ते तिला हलवून विचारत होते, "कोन व्हतं मावशी? कोनाची गाडी?" आणि ती नुसती त्यांच्याकडं बघत होती.

पुलाच्या खाली, पाऊण फर्लांगावर, पात्रातच बाभळींचं बेट आहे. तिथं हिरवं काहीतरी हललं. सिंधुचं लुगडं. एका फांदीला दोन्ही हातांनी मिठी मारून पोरगी पाण्यात लोंबकळत होती. ते दिसलं आणि पंचफुलाबाईला पाय फुटले. "काहील आना!" ती हनुमंतला म्हणाली. "देवळामागं हाय. दोरखंड बी आना."

तिला पाण्यात जाऊ देऊ नका असं तोवर जमलेलं गाव म्हणत होतं. तिने ऐकलं नाही. आडवी धार कशी कापायची, काहील बेटाच्या किती वरून सोडायची, हे त्या काठावर आता तिला एकटीलाच माहीत होतं. हनुमंत आत बसला, दोर आठ जणांनी धरला, आणि बासष्ट वर्षांची बाई कासोटा मारून, काहिलीच्या काठाला धरून पाण्यात उतरली. दीड तास लागला. सिंधुच्या हातात बाभळीचे काटे रुतले होते, तिला फांदी सोडवेना. हनुमंतने तिचं एकेक बोट सोडवलं. काठावर आणल्यावर ती आईला म्हणाली, "मला खिडकीतून वर ढकललं त्येनं. फांदी धर ताई मन्ला. मग गाडी उलटली." तिचे दात वाजत होते, पुढचं तिला बोलता येईना.

अंगद दुसऱ्या दिवशी सकाळी तीन मैलांवर, तुरीच्या वावरात सापडला. महालक्ष्म्यांच्या पुढचं पान कुणी उचललं नव्हतं. आंबील नासून गेली.

गावाला धक्का बसला, आणि धक्का बसलेल्या माणसांना आधी दोषी लागतो. "पूर दिसत असताना गाडी घातली म्हंजे काय?" लोक म्हणू लागले. "मस्ती नडली." कुणी म्हणालं, सणाचा दिवस, घेतली असंल थोडी. अंगद दारूला शिवत नव्हता, हे म्हणणाऱ्यालाही माहीत होतं. पंचनाम्यात चालकाचा हलगर्जीपणा असं लिहिलं गेलं. सिंधु वाचली म्हणून बायका पंचफुलाबाईला भेटायला यायच्या आणि म्हणायच्या, "देव तारी त्याला कोन मारी!"

ती मनात म्हणायची, मग अंगदला कुणी मारलं?

तिला वाटत होतं, कुणीतरी विचारेल. अंगद दर वेळी विचारून पूल ओलांडायचा, हे गावाला ठाऊक होतं. पण तिच्या शब्दावर शंका घ्यायची गावाला सवयच नव्हती. अंगदने विचारलं नसेल, असंच सगळ्यांनी धरून चाललं. जबाब घ्यायला आलेल्या माणसाने सिंधुला विचारलं, चालकाने कुणाला फोन केला होता का? सिंधु खाटेवर, हातांना पट्ट्या. तिने आईकडं बघितलं.

"मला आठवत न्हाई," ती म्हणाली.

पंचफुलाबाई दाराला टेकून उभी होती. क्षणभर तिला सुटल्यासारखं वाटलं. खरंच बरं वाटलं. आणि आपल्याला बरं वाटलं, ह्याचाच तिला एवढा धसका बसला की ती तिथंच खाली बसली. पोटची पोर, जिला अंगदने स्वतः बुडता बुडता वर ढकललं, ती त्याच्यावर खापर फोडत होती, आईसाठी. त्या रात्रीपासून पंचफुलाबाईचं जेवण तुटलं.

दहाव्याला पिंड घाटावरच ठेवला, महादेवाच्या पुढ्यात. अंगदचा भाऊ, रामलिंग, गावातली वीस-पंचवीस माणसं. बायका देवळाच्या पायऱ्यांवर. अंगदची बायको उज्वला खाली मान घालून, शेजारी तिची चौदा वर्षांची पोरगी गीतांजली. पाणी उतरून पात्र पुन्हा मवाळ झालं होतं. कावळे करंजीवर होते, पण पिंडाकडं एकही येईना. भाऊ हात जोडून म्हणाला, पोरीला शिकवतो, काळजी करू नको. कावळे बसून राहिले. रामलिंग म्हणाला, घराला काही कमी पडू देणार नाही. एक कावळा उडाला आणि दुसऱ्या फांदीवर जाऊन बसला. अर्धा तास झाला. दर्भाचा कावळा करा, असं कुणी म्हणालं.

पंचफुलाबाई पायऱ्या उतरून पुढं आली. सिंधुने पदर धरला तो तिने सोडवला.

"अंगदा," ती पिंडाकडं बघून म्हणाली, "तू इचारलं व्हतंस बाबा."

सगळे वळले.

"त्येनं इचारलं व्हतं," ती आता लोकांकडं बघून म्हणाली. "नंदी काय म्हनतो मावशी, मनून. खूर भिजलेत नुसते, घाल गाडी, असं मी मन्लं. मी. त्येची काय बी चूक न्हवती. सिंधुला ठावं हाय. जुलैत बी त्येनं सांगितलं व्हतं मला, पानी जास्ती लागलं मनून. मी त्येलाच येडं ठरवलं."

"पर खूर भिजले तर घोटाभरच..." हनुमंत म्हणाला आणि मध्येच थांबला. त्याची नजर ओट्यावर गेली. ओट्याखाली, समोर, जुनी रिकामी खोबण होती. तो एकदा खोबणीकडं बघायचा, एकदा नंदीकडं. मग ज्याने ओटा बांधला तो मिस्तरी बघू लागला. मग मास्तर. एकेकाच्या चेहऱ्यावर ते उतरत गेलेलं तिला दिसलं. प्रत्येकाने मुरूम वाहिला होता. रामलिंग, ज्याला कधी कुणी जमिनीवर बसलेलं बघितलं नव्हतं, तो मटकन ओल्या वाळूत बसला.

"दोन हात," तो म्हणाला. "शिवा शिवा, दोन हात!"

उज्वला उठली. ती मारेल, शिव्या देईल, असं पंचफुलाबाईला वाटलं, आणि तिची त्याला तयारी होती. उज्वला तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"धा दिवस," ती म्हणाली. "धा दिवस लोक त्येला नावं ठेवून राहिले. माझी पोरगी शाळंत तोंड लपवून राहिली. आन् तुमी गप?"

उज्वला पोरीचा हात धरून घाट चढून गेली. लोकांनी मागं बघितलं तेव्हा पिंडावरचा भात गेलेला होता. कावळ्याने नेला की कुत्र्याने, कुणी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर गावाने अंगदला नावं ठेवायची सोडली. पंचफुलाबाईलाही कुणी काही म्हटलं नाही, कारण तिला म्हणायचं तर स्वतःलाही म्हणावं लागलं असतं. नंदी खाली आणा, असं तिने रामलिंगला जाऊन सांगितलं. रामलिंग हात जोडून म्हणाला, प्रतिष्ठा झालेला देव हलवता येत नाही, मोठा दोष लागतो, मी विचारून आलो. पुलापाशी खांब रोवून पट्टे मारू, असं ठरलं. खांब आणायचा होता, माणूस बघायचा होता, पितृपंधरवडा चालू होता. तुम्हाला गावं ठाऊक आहेत. आणि तिचा फोन वाजायचा बंद झाला. दूधवाला पाणी असलं की पलीकडूनच परत फिरू लागला. फोन कोनाड्यात पडून असायचा, ती सवयीने रोज चार्जिंगला लावायची.

नवरात्राच्या आधी परतीचा पाऊस वर झाला. दुपारी तीन वाजता, पुन्हा तसंच ऊन, आणि नदीचा आवाज बदलला.

पंचफुलाबाई फोन घेऊन घाटावर आली. ओट्यावर नंदी कोरडा बसलेला. तिने त्याच्याकडं पाहिलं नाही. खाली खडकातली जुनी खोबण अजून उघडी होती, चार खुरांच्या जागी गुळगुळीत खळगे पडलेले. लुगडं वर खोचून ती खोबणीत जाऊन उभी राहिली, दोन खळग्यांत दोन पाय. पाणी थंड होतं. बोटं बुडाली, मग टाचा, मग घोटे.

कुणी विचारणार नाही हे तिला माहीत होतं. तरी ती उभी राहिली.

फोन वाजला. काचेवर अंगद हसत होता, डोळे मिटून. अंगदचा फोन तर नदीत गेला होता. मग तिला सुचलं, नंबर घरच्यांनी पुन्हा चालू करून घेतला असेल. तिने कानाला लावला.

"पोरगी शाळंतून येऊन राहिली," उज्वला म्हणाली. "पलीकडं थांबल्यात समदे. रिक्षावाला घालतो मनून राहिला." ती थांबली. "नंदी काय म्हनतो?"

"नंदीला इचारू नको," पंचफुलाबाई म्हणाली. "मी हुबी हाय त्येच्या जुन्या जागंवर. माझे घोटे बुडालेत, आन् पानी चढतीवर हाय. रिक्षावाल्याला सांग, चाक टाकू नको. पोरीला पलीकडंच ऱ्हाऊ दी, सिंधुकडं जाऊ दी मुखेडला."

"हाव," उज्वला म्हणाली.

तिने दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून पलीकडं निरोप दिला, ते पंचफुलाबाईला ऐकू येत होतं. मग ती पुन्हा बोलली.

"कव्हर हुबं ऱ्हानार तुमी?"

"पानी उतरंपत्तर."

उज्वलाने फोन ठेवला नाही. पाणी पोटरीपर्यंत आलं, तिथं थांबलं, आणि पंचफुलाबाई कानाला फोन धरून तशीच उभी राहिली.